पुढचं चाक घरी काढताना, आणि मुख्य म्हणजे परत बसवताना

ऐप्पसी महिन्यातला, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस सुरू झाला की तंजावूर-कुंभकोणम पट्ट्यातल्या मराठी घरांतून ठरावीक फोन येऊ लागतात. कोणी पंक्चरसाठी, कोणी कुरकुरणाऱ्या बेअरिंगसाठी मोटरसायकलचं पुढचं चाक घरीच काढलेलं असतं. काढताना अडचण आलेली नसते, अडलेलं असतं ते बसवल्यावर. कोणाच्या ब्रेकची दांडी दाबली की थेट मुठीला टेकते. कोणाचं चाक हाताने फिरवलं तरी फिरत नाही. कोणाच्या मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही. आणि कोणाकडे सगळं बसवून झाल्यावर जमिनीवर एक वायसर उरलेला असतो.

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूने सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी इथं आलेली आपली माणसं दिवसभर दुचाकीवर असतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली तंजावूरची मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. कालव्याकाठच्या रस्त्यावर, रविवारी दुपारी, पंक्चरचं दुकान बंद असताना चाक काढायची वेळ कुणावरही येते. म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर घ्या. चाक काढणं हे निम्मंही काम नाही. ते परत नीट बसलंय याची खात्री करणं हे खरं काम आहे. मागचं चाक चुकीचं बसलं तर गाडी बहुधा आधी तक्रार करते. पुढचं चाक चुकीचं बसलं तर ते तुम्हाला पहिल्याच जोरदार ब्रेकला कळतं, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

आधी ठरवा: चाक काढायची गरज आहे का?

- ट्यूबलेस टायरचं साधं पंक्चर: चाक काढू नका. खिळा उपसून चिकट दोरी भरण्याचं काम चाक गाडीवर असतानाच होतं. अलॉय चाकाच्या बऱ्याच गाड्यांना ट्यूबलेस टायर असतो. टायरच्या बाजूवर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.
- ट्यूब असलेलं तारांचं चाक: पंक्चर नीट काढायचं तर चाक उतरवावं लागतं.
- बेअरिंगचा आवाज, चाकाला बाजूला झोल, ब्रेक शू झिजणं: चाक काढावंच लागतं.
- ब्रेक नुसता चिरकतोय: आधी केबल आणि पॅड बाहेरून तपासा. साचलेल्या पाण्यातून आल्यावर ड्रम थोडा वेळ चिरकतो. हळू चालवत चार-सहा वेळा ब्रेक हलका दाबला की बहुधा तो सुकतो.

गाडी वॉरंटीत असेल तर मालकाला मिळालेलं पुस्तक आधी उघडा. तुम्ही स्वतः उघडलेल्या भागाबद्दल पुढे वाद होऊ नये, म्हणून त्या काळात बेअरिंग, ब्रेक आणि सेन्सरची कामं अधिकृत ठिकाणीच करवून घ्या.

तुमच्या गाडीचा ब्रेक कोणत्या जातीचा?

पुढची सगळी पावलं यावर ठरतात.

- ड्रम ब्रेक: चाकाच्या मधोमध बंद डबा, त्याला एक केबल. काम सोपं, पण एका ठिकाणी जिवावर बेतणारी चूक होऊ शकते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.
- सीबीएस असलेला ड्रम: मागच्या ब्रेकच्या पायपट्टीतूनही पुढच्या ब्रेककडे जोडणी येते. म्हणजे सोडायला आणि जोडायला एकाऐवजी दोन गोष्टी असू शकतात. एक जोडून दुसरी विसरली असं होऊ देऊ नका.
- डिस्क ब्रेक: उघडी चकती आणि तिला कवेत घेणारा कॅलिपर. इथं केबल नसते, तेलाचा दाब असतो.
- एबीएस असलेली डिस्क: चकतीच्या आत दातेरी किंवा भोकांची कडी आणि तिच्या जवळ एक छोटा सेन्सर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना एबीएस किंवा सीबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे अलीकडच्या गाडीत यांपैकी काहीतरी असणारच, असं धरून चला.

काय काय जवळ हवं

- गाडीच्या एक्सलच्या मापाचे दोन पाने. अनेक गाड्यांना १७ किंवा १९ मिमी लागतो. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना घ्या, त्याने नटाचे कोपरे मरत नाहीत.
- १०, १२, १४ मिमीचे पाने, ॲलन कीचा संच, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर
- नायलॉनचा किंवा रबरी हातोडा. लोखंडी हातोडी दूर ठेवा.
- ग्रीस, जुनं सुती कापड, तारेचा तुकडा, जाड पुठ्ठा
- नवी स्प्लिट पिन, तुमच्या गाडीला असेल तर. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, ती वाकलेल्या जागी तुटते.
- लाकडी फळी आणि ओंडके किंवा छोटा जॅक
- आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच. विकत नको असेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून अर्ध्या तासासाठी मागा.

गाडी उभी करणं: इथं घाई नको

तंजावूरची गोल तळाची डुलणारी बाहुली तुमच्या घरातल्या कपाटात असेल. तिला कितीही ढकला, ती परत उभी राहते, कारण तिचं सगळं वजन गोल तळात आहे. पुढचं चाक काढलेली मोटरसायकल याच्या नेमकी उलट असते. वजन वर, आधार अरुंद, आणि पुढे काहीच नाही. म्हणून:

1. सपाट, टणक जमीन निवडा. ओली माती किंवा अंगणातली सैल वाळू नको.
2. गाडी जमिनीवर असतानाच, स्प्लिट पिन असेल तर ती आधी काढून, एक्सलचा नट अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर अडलेल्या नटाला हिसका दिला तर गाडी आडवी होते.
3. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि गिअरमध्ये ठेवा. मेन स्टँडचा पाय आणि पुढची चौकट मजबूत दोरीने बांधा, म्हणजे स्टँड मागे दुमडणार नाही.
4. पुढचं चाक अधांतरी होईपर्यंत इंजिनखाली जॅक किंवा ओंडके लावा. मध्ये फळी हवीच. सायलेन्सरच्या नळीखाली किंवा तेल सोडायच्या बोल्टखाली आधार देऊ नका.
5. मागच्या कॅरिअरवर २५ किलोचं पोन्नी तांदळाचं पोतं बांधलंत तर तोल मागे राहतो. मात्र हा जोडीचा आधार आहे, नुसत्या पोत्यावर विसंबू नका.
6. हँडल धरून गाडी हलवून पाहा. जराही डुलली तर आधार पुन्हा लावा.

फक्त साइड स्टँड असलेल्या गाडीचं पुढचं चाक घरी काढू नका. त्यासाठी शॉकअप खालून उचलणारा खास स्टँड लागतो. लहान मुलांना त्या वेळी अंगणातून दूर ठेवा.

चाक काढण्याची पावलं

1. फोटो काढा. डावीकडून, उजवीकडून, खालून. सरफोजी राजांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी आजही इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. हात लावण्याआधी डोळा कसा होता ते चितारून ठेवायची रीत इथं दोनशे वर्षांपूर्वीही होती. तुमच्या खिशात तर कॅमेराच आहे. कोणता बुश कोणत्या बाजूला, एक्सल कोणत्या बाजूने घातलेला, केबल कुठून वळते, हे सगळं टिपून ठेवा.
2. मीटर केबल सोडा. चाकाजवळ एक स्क्रू किंवा फिरकी असते. सेन्सरवर चालणाऱ्या मीटरला केबल नसते, तिथं वायर ओढू नका.
3. ड्रम असेल तर ब्रेक केबलचा ॲडजस्टर नट पूर्ण सैल करा आणि केबल ड्रमवरच्या दांडीतून काढा. सीबीएसची जोडणीही सोडा.
4. डिस्क असेल तर कॅलिपर जागेवर ठेवून चाक निघतं का ते पाहा. निघत नसेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर तारेने शॉकअपला बांधा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पॅडच्या मध्ये लगेच पुठ्ठ्याची घडी सरकवा.
5. एबीएसचा सेन्सर वाटेत येत असेल तर त्याचा बोल्ट काढून तो बाजूला बांधा. वायर ताणू नका.
6. शॉकअपच्या तळाशी एक्सलला चिमटीत धरणारा बोल्ट असेल तर तो आधी सैल करा.
7. नट सोडत आणा, पण शेवटचे दोन आटे राहू द्या आणि नटावरच नायलॉनचा हातोडा हलका मारा. असं केल्याने एक्सलचे आटे मरत नाहीत. एक्सल हलला की नट काढा.
8. एका हाताने चाकाचा भार उचलून धरा आणि दुसऱ्या हाताने एक्सल ओढा. एक्सल अडला तर तो गंजला आहे असं समजा. गंज सोडवणारं तेल फवारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेल चकतीवर किंवा ड्रममध्ये जाऊ देऊ नका.
9. बुश आणि वायसर निघतील त्या क्रमाने कापडावर ओळीत मांडा. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: डिस्कचं चाक बाहेर असताना पुढच्या ब्रेकची दांडी कोणीही दाबायची नाही. दाबली तर पिस्टन पुढे सरकतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चकतीला आत जायला जागा उरत नाही. दांडीला फडकं गुंडाळून गाठ मारून ठेवा, म्हणजे येणाजाणाऱ्याच्या लक्षात राहील.

चाक हातात आहे तोवर हे तपासा

चाक रोज निघत नाही. पाच मिनिटं द्या.

- बेअरिंग: बोट आत घालून फिरवा. गुळगुळीत फिरायला हवं. वाळू असल्यासारखी खरखर, अडखळ किंवा बाजूचा झोल जाणवला तर बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदम बदला. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६३०१ म्हणजे आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७ मिमी, जाडी १२ मिमी. दुकानात गाडीचं नाव सांगण्याबरोबर हा क्रमांकही दाखवा. बेअरिंग ठोकून बसवणं मात्र मेकॅनिककडे द्या. आतल्या कडीवर घाव बसला की नवं बेअरिंगही लवकर जातं.
- सील: मेट्टूर धरणाचं पाणी सुटल्यावर इथले कालवे भरून वाहतात, शेतातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडतात, आणि त्यावर पाऊस. बेअरिंगवरच्या रबरी सीलची ओठासारखी कड फाटली असेल तर हेच पाणी आत जातं. सील स्वस्त असतं, बदलून टाका.
- एक्सल: कडप्प्याच्या सपाट फरशीवर लोळवा. उड्या मारत गेला तर वाकलेला आहे. वाकलेला एक्सल सरळ करत बसू नका, नवा घ्या.
- ब्रेक शू: धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.
- चकती: तिच्यावरच कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. तेवढी झिजली असेल तर बदलायची वेळ झाली. बोटांचा तेलकटपणा स्पिरिटने पुसा.
- टायर: आतून कापड फिरवा, बोट नको. कालव्याच्या काठांवर आणि पडीक जमिनीत वेड्या बाभळीचं रान आहे, तिला इथं सीमै करुवेलम् म्हणतात. तिचा काटा बाहेरून तुटतो आणि टोक टायरच्या आत राहतं. नवी ट्यूब घालून तासाभरात परत पंक्चर होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कापड अडकलं की तिथं थांबा, वाकवून पाहा आणि पकडीने टोक उपसा.

चाक बसवण्याची पावलं

1. टायरच्या बाजूवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा.
2. एक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्या. नखाने ओरखडा काढला तर धातू दिसेल इतका पातळ पुरे.
3. मीटरचा गिअर हबमध्ये बसवताना त्याच्या आतले दोन कान हबमधल्या दोन खाचांत जायला हवेत. तो नीट बसला की हबशी सपाट होतो. वर उचललेला दिसत असताना नट आवळलात तर कान चिरडतात आणि मीटर कायमचं बंद पडतं.
4. चाक शॉकअपच्या मध्ये सरकवा. डिस्क असेल तर चकती दोन पॅडच्या बरोबर मध्ये जाऊ द्या. पॅडच्या कडेवर ती आपटू देऊ नका.
5. ड्रम असेल तर खाच पाहा. याचा खुलासा खाली केलाय.
6. बुश आपापल्या बाजूला लावा, फोटोशी ताडून पाहा, आणि एक्सल मूळ बाजूनेच घाला. तो हाताने ढकलून जायला हवा. हातोडा लागत असेल तर काहीतरी सरळ रेषेत नाही. थांबा आणि चाक थोडं उचलून पाहा.
7. नट हाताने बसवा.
8. केबल किंवा कॅलिपर जोडा. कॅलिपरचे बोल्टही पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळा.
9. एक्सलचा नट आवळा. ड्रम असेल तर आधी ब्रेकची दांडी दाबून धरा आणि ती तशीच धरलेली असताना नट आवळा. त्यामुळे शू ड्रमच्या मधोमध बसतात.
10. ओंडके काढा, चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबा. शॉकअप आपापल्या जागी सरळ बसतात. मगच शॉकअपच्या तळाचा चिमटीचा बोल्ट आवळा.
11. नवी स्प्लिट पिन घाला, टोकं वाकवा.

किती आवळायचं? तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तेवढंच. १०० ते १५० सीसीच्या अनेक गाड्यांत एक्सलचा आकडा साधारण ४५ ते ७० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. अंदाज हवा असेल तर असं समजा: २५ सेंटिमीटर लांब आडव्या पान्याच्या टोकाला ते तांदळाचं पोतं टांगलं तर सुमारे ६० न्यूटन मीटर जोर पडतो. पान्याला पाइप लावून ‘अजून थोडं’ करू नका. आपल्या धंद्यात गुंजभर चूक चालत नाही. इथंही जास्त आवळणं ही सैल ठेवण्याइतकीच मोठी चूक आहे. आटे जातात आणि बेअरिंगवर बाजूने ताण येतो.

ती एक खाच

ड्रमचं झाकण, म्हणजे ब्रेक प्लेट, चाकाबरोबर फिरत नाही. तिला अडवून धरायला शॉकअपच्या नळीला आतल्या बाजूने एक उंचवटा असतो आणि प्लेटवर त्याच मापाची खाच. काही गाड्यांत याऐवजी वेगळी पट्टी आणि बोल्ट असतो. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा चाक त्या प्लेटला स्वतःबरोबर फिरवायला पाहतं. तो सगळा जोर ही एक खाच झेलते.

मी पहिल्यांदा चाक बसवलं तेव्हा खाच उंचवट्याच्या शेजारी राहिली होती. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. नट घट्ट, चाक मोकळं, केबल जोडलेली. अंगणातून चालत्या वेगाने गाडी बाहेर काढली आणि फाटकाशी ब्रेक दाबला. प्लेट वेटोळं घेऊन फिरली, केबल ताणून कड्‌कन वाजली, चाक जागीच जखडलं आणि हँडल हातातून निसटलं. वेग चालण्याइतका होता, म्हणून गुडघा खरचटण्यावर भागलं. तेच तिरुच्चीच्या महामार्गावर झालं असतं तर हा लेख लिहायला मी नसतो.

तेव्हापासून मी खाली बसून, विजेरी लावून, उंचवटा खाचेत शिरलेला डोळ्यांनी पाहतो आणि प्लेट हाताने दोन्ही दिशांनी फिरवून पाहतो. ती हलता कामा नये. तुम्हीही एवढं करा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा. चार डोळ्यांतून ही चूक सुटत नाही.

रस्त्यावर जाण्याआधी

- डिस्क: गाडी हलवण्याआधी दांडी दाबत राहा. पॅड मागे सरकलेले असतात, त्यामुळे पहिल्या काही दाबांना दांडी मोकळी जाते. ती टणक लागेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. दहा-पंधरा दाबांनंतरही स्पंजासारखी लागत असेल तर नळीत हवा आहे, गाडी चालवू नका.
- ब्रेक ऑइल: टाकीवर लिहिलेल्या जातीचंच भरा, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा.
- ड्रम: दांडीच्या टोकाला मोकळी चाल बहुतेक गाड्यांत १० ते २० मिमी हवी. नेमका आकडा पुस्तकात पाहा.
- चाक उचलून फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे, ब्रेक दाबताच थांबलं पाहिजे, सोडताच पुन्हा मोकळं झालं पाहिजे.
- चाक वरखाली आणि आजूबाजूला हलवा. टकटक नको.
- हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा. केबल किंवा वायर कुठे ताणली जातेय का ते पाहा.
- एबीएसचा दिवा गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घ्या.
- हवा भरा. किती भरायची ते साखळीच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतं.

मग अंगणात ढकलत, मग गल्लीत हळू, मग रिकाम्या रस्त्यावर. प्रत्येक टप्प्याला ब्रेक दाबून पाहा.

लक्षण आणि कारण

- चाक अडकून फिरतं: बुश उलटसुलट, मीटरचा गिअर न बसलेला, किंवा ब्रेक केबल जास्त आवळलेली.
- वायसर उरला: गाडी चालवू नका. आधी काढलेले फोटो पाहा, चाक परत उतरवा.
- मीटर बंद: केबलचं चौकोनी टोक गिअरमध्ये शिरलेलं नाही, किंवा गिअरचे कान चिरडलेत.
- ब्रेक दाबला की कर्कश आवाज, पकड कमी: चकतीवर किंवा लायनरवर ग्रीस. चकती स्पिरिटने साफ होते, ग्रीस प्यायलेले पॅड किंवा शू बदलावेच लागतात.
- हँडल एका बाजूला ओढतं: शॉकअप पिळलेले राहिलेत. तळाचा बोल्ट आणि एक्सल सैल करून हँडल दाबण्याचं पाऊल पुन्हा करा.

मेकॅनिककडे द्यायचं ठरलं तर

आटे गेलेत, बेअरिंग हबमध्ये रुतलंय, चकती वाकलीय, एबीएसचा दिवा विझत नाही किंवा दांडी टणक होत नाही, तर हात थांबवा आणि चाक मेकॅनिककडे न्या. यात कमीपणा नाही. नव्याने इथं आलेल्यांना अडचण भाषेची असते, म्हणून थोडे शब्द:

- पुढचं चाक: मुन् चक्करम्
- आवाज येतोय: सत्तम् वरुदु
- हलतंय, डुलतंय: आडुदु
- हवा नाही: कात्तु इल्लै
- घट्ट करा: टाइट पण्णुंग
- जुने पार्ट्स द्या: पळैय पार्ट्स कुडुंग
- किती झाले?: एव्वळवु?
- बिल द्या: बिल कुडुंग

शेवटचे तीन शब्द पाठच करा. बिलावर गाडीचा क्रमांक, बदललेले भाग आणि तारीख लिहून घ्या. जुना भाग मागितलात की खरोखर बदललाय का तेही कळतं.

तुमचे हक्क

- पैसे देऊन घेतलेल्या दुरुस्तीत हलगर्जी झाली तर ती ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू २० जुलै २०२०) तुम्हाला दाद देतो.
- आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांसाठी यात मोठी सोय आहे. तुम्ही जिथं राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सुटीत गावी गेला असताना सांगलीकडे दुरुस्ती केली आणि बिघाड झाला तरी तक्रार तंजावूरला दाखल करता येते.
- तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही.
- आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.
- केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटीचे तपशील तिथं मिळतात. आवळण्याचा नेमका आकडा शोधताना सुरुवात मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकापासून करा.

शेवटचं पाऊल, जे सगळे विसरतात

चाक बसवल्यावर काम संपलं असं समजू नका. तंजावूरहून तिरुवैयारूपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन साधारण २५ किलोमीटर होतात आणि तेवढ्यात चाक, बुश, केबल सगळं आपापल्या जागी बसतं. परत आल्यावर तीन गोष्टी करा. एक्सलच्या नटावर पाना ठेवून तो जागचा हलत नाही ना ते पाहा. स्प्लिट पिन जागेवर आहे ना ते पाहा. आणि हाताची मागची बाजू आधी हबच्या जवळ नेऊन, मग हबला लावून पाहा. चकतीला मात्र लावू नका, ती भाजते. हब जेमतेम कोमट असेल तर ठीक. चटका बसण्याइतका तापला असेल तर ब्रेक कुठेतरी घासतोय. गाडी तिथंच ठेवा आणि चाक पुन्हा उतरवा. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात निघतं.